दारातला बाबू

बसा. चहा ठेवलाय, उकळायला वेळ हाय. तवर माझी एक फजिती ऐका. पण आधीच बजावून ठेवते, माझ्या फजितीला हसायचा पहिला मान माझा. मी हसले की मग तुम्ही हसायचं. मी हसलेच न्हाई, तर गप चहा प्यायचा आन् उठायचं!

जिनं उभ्या जिंदगीत शाळेची पायरी चढली न्हाई, तिनं कंप्युटर शिकलेल्या नातीला अक्कल शिकवावी का? तुम्हीच सांगा. मी शिकवली. दणकून शिकवली. आन् ती अक्कल फिरून... थांबा, असं शेवटाकडून सांगितलं तर तुम्हाला काय कळंल? पहिल्यापासून सांगते.

भूकंपानंतर आम्ही खेडं सोडून लातुरात आलो. तवा ही गल्ली म्हणजे नुसता माळ होता. चार घरं, दोन बाभळी आन् एक हापसा. जो भेटंल तो शपथ घ्यायचा, "काकू, आता जिंदगीत वरचा मजला न्हाई. डोक्यावर पत्रा बरा."

हाव, पत्रा बरा! आज येऊन बघा त्या शपथवाल्यांची घरं. मजल्यावर मजला, त्यावर अजून एक मजला. कामून? तर लातुरात क्लास आले. क्लासमागं पोरं आली, पोरांना खोल्या पायजेत. धरणी हलली तवा अंगावरच्या कपड्यानिशी पळालेली माणसं, खोलीसाठी गिऱ्हाईक आलं की भूकंप विसरली. खांबाखांबावर पोरांचे फोटो लावलेत, जशी काय निवडणुकीला उभी हायत. आन् आईबाप? मुखेडहून, चाकूरहून, अहमदपूरहून गाठोडी घेऊन येतात, पोराला क्लासच्या दारात सोडतात आन् त्या इमारतीला हात जोडतात. मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय, चप्पल काढून हात जोडतात!

पण दुसऱ्याला कशाला नावं ठेवू? आमच्या घरावरही मजला चढला. वर चार खोल्या, फक्त पोरींसाठी. खोली कुणाला द्यायची आन् कुणाला न्हाई, ते मी ठरवते. वही न्हाई, पेन न्हाई. कोणत्या खोलीत कोणत्या साली कुणाची लेक होती, तिच्या बापाची मिशी कशी होती, आई कोणतं लुगडं नेसून आली होती, सगळं डोक्यात. पावसाळ्याच्या तोंडाला दिवसाला दहा-दहा बाप दारात येतात. मी ओसरीवर खाट टाकून बसते आन् एकेकाला तपासते.

हे तपासणं ध्यानात ठेवा. पुढं लागंल.

तर माझी नात अश्विनी. अशू. नांदेडला कंप्युटरचं शिकली आन् घरी येऊन वरच्या खोलीत डबडं मांडून बसली. तिचा बाप, म्हणजे माझा लेक, बेजार झाला. शेजारची पोरगी पुण्याला गेली, समोरची हैदराबादला गेली, आन् आमची वरच्या खोलीत दार लावून बसायली! शेवटी त्यानं सांगितलं, "अशे, हा महिना देतो. काही जमलं तर जमलं. न्हाई जमलं तर एक तारखेपासून क्लासच्या काउंटरवर बसायचं. मी तिथल्या सरांशी बोलून ठेवलंय."

काउंटरवर म्हणजे काय, ठाऊक हाय ना? गळ्यात पट्टा घालून दिवसभर आईबापांना म्हणायचं, आमच्याकडं टाका, तुमचं पोरगं डॉक्टर झालंच समजा. पोरीचं तोंड एवढंसं झालं. दोन दिवस नीट जेवली न्हाई.

मी वर गेले. म्हणलं, "काय करायलीस गं तू रातंदिस? मला दाखव."

"तुला नाही कळणार, आजी."

"भूकंप कळला, तुझं डबडं न्हाई कळणार?"

मग तिनं दाखवलं. फारम होता. लोक आता कागदावर फारम भरत न्हाईत, मोबाइलात भरतात, तसला. चौकटीखाली चौकटी. ती म्हणली, "सांग आजी, तुझं नाव."

मी म्हणलं, "सोजरबाई."

पोरीनं ‘सो’ एवढंच बडवलं असंल, लगेच चौकट लाल झाली!

"हे कामून लाल झालं?"

"नाव अपुरं आहे म्हणतंय."

"अगं, पण मी सांगायलेय की अजून! तोंडातून नाव निघायच्या आत हे अंगावर यायलंय? ह्याला कुणी बोलायची रीत शिकवली न्हाई का?"

अशू थांबली. तिनं माझ्याकडं बघितलं. म्हणली, "पुढं सांग."

"जन्मतारीख?" म्हणली. तारीख कुठली आणू? जेठातली, पेरणीच्या वक्ताची, एवढं आईनं सांगितलं होतं. तेही लाल. फोनचे आकडे मी सांगितले तसे तिनं मधी जागा सोडून टाकले, तर तेही लाल. शेवटी तिनं खालचं बटण दाबलं तर वर एकच ओळ आली आन् भरलेलं सगळं पुसून गेलं.

"काय म्हणायलंय?"

"म्हणतंय, चूक आहे."

"कुठं?"

"ते नाही सांगत."

आता मात्र माझं डोकं फिरलं. मी म्हणलं, "अशे, ह्या नालायकाला मी ओळखते! हा तर तो पत्र्याचा बाबू!"

पत्र्याचा बाबू म्हणजे कोण, तेही सांगते. भूकंपात आमच्या खेड्यात माणसं वाचली, पण माझ्या घराचं माळवद, म्हणजे मातीचं धाबं हो, ते सगळंच्या सगळं खाली बसलं. शेड मारायला सरकारातून पत्रे मिळायले होते. त्याचा अर्ज करायचा होता. मला लिहिता येत न्हाई, म्हणून गुरुजींच्या हातून भरून घेतला आन् एस्टीनं हापिसात गेले. खिडकीत एक बाबू. शर्टाच्या खिशाला शाईचा डाग, उजव्या गालात पान. कागद बघितला आन् म्हणला, "चुकलंय."

मी म्हणलं, "काय चुकलं, साहेब?"

"चुकलंय म्हणजे चुकलंय. भरणाऱ्याला विचारा."

परत खेड्यात. गुरुजींनी बघितलं, तर अंगठा दुसऱ्या चौकटीत उमटलेला. नवा कागद केला. परत एस्टी. बाबू म्हणला, "सरपंचाचा शिक्का कुठाय?" परत खेड्यात. शिक्का घेतला. परत एस्टी. बाबू म्हणला, "सातबारा लावला न्हाई." मी म्हणलं, "अरे बाबा, हे सगळं पहिल्या दिवशी सांगायला तुझी जीभ झडली होती का?" तर पानाची पिंक टाकून काय म्हणला? म्हणला, "एक झालं की दुसरं. आमची पद्धत हाय."

चौथ्या खेपेला म्हणला, "आधीचे कागद सापडत न्हाईत. नव्यानं भरा."

माझी दोन लेकरं तवा ताडपत्रीखाली होती. पावसात. मी त्या खिडकीत काय काय बोलले, ते तुमच्यापुढं सांगण्यासारखं न्हाई. आन् तेच मी इतकी सालं घरात सांगत आले. ‘एक झालं की दुसरं’ म्हणलं की माझी सून स्वयंपाकघरातून हसते, इतक्यांदा सांगितलंय.

अशूला हे पाठ होतं. पण त्या दिवशी तिनं ते पहिल्यांदा ऐकावं तसं ऐकलं. मग म्हणली, "आजी, हा फॉर्म लोकांसाठी नाही गं. हे मी फॉर्म बनवणाऱ्या पोरांसाठी बनवायलेय. वेबसाइट बनवणारी पोरं असतात ना? त्यांनी माझं हे उचलायचं आणि आपापल्या फॉर्ममध्ये बसवायचं. भरणारा कुठं चुकला ते ह्यानं बघायचं आणि त्याला सांगायचं."

मी विचार केला. म्हणलं, "म्हणजे तू फारम न्हाई बनवत. तू बाबू घडवायलीस."

"हो की! बाबूच."

"आन् तो एकच बाबू हजार खिडक्यांत जाऊन बसणार."

"हो."

"मंग पोरी, नीट घडव! माणसाचं बोलणं पुरं होईस्तोर त्याला गप बसायला शिकव. चुकलं तर जिथं चुकलं तिथं बोट ठेवू दे. सगळ्या चुका एकदम सांगू दे, एस्टीचे हेलपाटे नकोत. कसं दुरुस्त करायचं तेही त्यानंच सांगायचं. आन् माणसानं भरलेलं त्यानं हरवायचं न्हाई. हरवलं तर मी त्याचं मुस्काट फोडंन!"

पोरगी हे सगळं लिहून घ्यायली! मी बोलायले आन् ती लिहायली. तुम्ही सांगा, कुणाचं डोकं ठिकाणावर राहील?

माझं तर न्हाईच राहिलं. दुसऱ्या दिवसापासून गल्लीत मी कुणाला सोडलं न्हाई. दळणाच्या गिरणीत, भाजीच्या गाड्यावर, जिथं तिथं, "आमची अशू माझ्या सल्ल्यानं कंप्युटर चालवायली." समोरचे एक सर, क्लासवर फिजिक्स का काय शिकवतात, लई दिमाखाचे, त्यांना मी रस्त्यात उभं करून सुनावलं, "सर, तुमच्या क्लासचा फारम भिकार हाय. माणसाला बोलू देत न्हाई." ते बिचारे ‘हो आजी, हो आजी’ करत पळाले. तेव्हापासून ते पलीकडच्या गल्लीतून जातात.

महिना संपत आला. अशूचा बाबू तयार झाला. आन् एक दिवस ती नाचत खाली आली. नांदेडचे कोटगिरे सर बघायला येणार होते. त्यांच्या हाताखाली वीस-पंचवीस पोरं नुसत्या वेबसाइटी बनवतात, क्लासवाल्यांच्या, कॉलेजवाल्यांच्या. त्यांनी अशूचा बाबू घेतला, तर तो नांदेडपासून लातूरपर्यंतच्या सगळ्या फारमांत बसणार, आन् अशू आपल्याच खोलीत बसून त्यांचं काम करणार. न घेतला तर? तर चार दिवसांनी एक तारीख. गळ्यात पट्टा.

फोनवर त्या दोघांचं काय ठरलं, ते पोरीनं मला पुरतं सांगितलं न्हाई. खरं सांगायचं तर तिनं सांगायला घेतलं होतं, मीच पुरतं ऐकलं न्हाई. बारा वाजता सर येणार, एवढं ऐकलं आन् शेवया आणायला उठले.

त्या दिवशी सकाळी अशू म्हणली, "आजी, मी वर तयारी करते. खोली विचारायला कुणी आलं तर तूच बघ. मला हाका मारू नको."

"तू निवांत ऱ्हा. दारात मी हाय."

दारात मी होते! हेच तर रडगाणं हाय.

अकरा वाजले असतील. फाटकाशी एक माणूस. पांढरा सदरा, चपला धुळीनं भरलेल्या, दाढी दोन दिवसांची, खांद्याला कापडी पिशवी, हातात छत्री. शंभर बाप बघितलेल्या माझ्या नजरेनं एका क्षणात ओळखलं. खोलीवालं गिऱ्हाईक!

"नमस्कार आजीबाई. मी नांदेडहून..."

"नांदेडहून काय, सगळीकडून यायलेत. मुखेडचे काल येऊन गेले. पोरगी का पोरगा?"

"अं? पोरगी हाय मला, पण मी त्यासाठी..."

"पण नंतर. कितवी?"

"बारावी झाली यंदा. अहो, पण माझं ऐकून..."

"म्हणजे रिपीटर!" मी नाक मुरडलं. एकदा परीक्षा देऊन हुकलेलं पोरगं परत सालभर तेच घोकायला येतं, त्याला आमच्याकडं रिपीटर म्हणतात. "रिपीटर पोरी रडतात लई. उशा भिजवतात. बरं, असू द्या. आधार कार्डाची झेराक्स?"

"झेराक्स?"

"दोन खेपा बोलायची सवय न्हाई मला. कोपऱ्यावर दुकान हाय."

त्यानं वरच्या मजल्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. आन् मग काय वाटलं की, मिशीत हसला. "बरं," म्हणला आन् गेला.

मला तेव्हाच खटकलं. खोली मागायला आलेला बाप हसतो का कधी?

झेराक्स घेऊन आला. मी ती उजेडाकडं धरली. वाचता येत न्हाई म्हणून काय झालं, तपासल्यासारखं तर दिसलं पायजे ना? फोटोतलं तोंड कोळशासारखं काळं आलं होतं.

"चुकलंय," मी म्हणलं.

"काय चुकलंय?"

"चुकलंय म्हणजे चुकलंय."

"नेमकं कुठं ते सांगा आजीबाई. तेवढंच दुरुस्त करून आणतो."

"मी हितं शिकवायला बसले का? शिकवायला लातुरात क्लास कमी हायत का?"

तर तो माणूस पिशवीतून डायरी काढून लिहायला लागला! मी म्हणलं, चला, लिहून घ्यायलाय म्हणजे गरजू हाय. परत गेला, परत आला. ह्या वेळी तोंड गोरं आलं होतं. मी मान डोलावली. त्याला वाटलं, सुटलो.

"आता पोरीचे दोन फोटो."

"आजीबाई! हे आधीच सांगितलं असतं तर एका खेपेत दोन्ही आणलं असतं की!"

आन् मी, ह्या माझ्या तोंडानं, ऐटीत मांडी बदलून काय म्हणले?

"एक झालं की दुसरं. आमची पद्धत हाय."

मला काही लागलं का? काही न्हाई! जीभ अडखळली का? न्हाई! उलट बरं वाटलं. खिडकीच्या आतल्या बाजूला किती गार वाटतं, ते बाहेर उभं राहून कळत न्हाई.

त्यानं मोबाइलातला लेकीचा फोटो दाखवला. मी म्हणलं, मोबाइल मी काय पेटीत ठेवू? कागदावर आणा. तो डायरीत अजून दोन ओळी लिहून गेला. तेवढ्यात दूधवाला आला. दुधाच्या पातेल्यावर माशी बसायली, झाकण हाताशी न्हाई, म्हणून जवळ पडलेला कागद टाकला झाकायला. दुधात भिजला, तर चुरगाळून फेकून दिला.

फोटो घेऊन तो घामाघूम होऊन आला.

"हे घ्या फोटो."

"झेराक्स?"

"दिली की मघाशी."

"कुणाला?"

"तुम्हालाच!"

मी खाटेवर बघितलं, खाटेखाली बघितलं. म्हणलं, "माझ्याकडं न्हाई. नव्यानं आणा."

आता सांगते तुम्हाला, दुसरा कुणी असता तर फाटक आपटून गेला असता. हा माणूस फाटकाला धरून हसायला लागला. डोळ्यांतून पाणी येईस्तोर! मी वैतागून ओरडले, "लेक रिपीटर, आन् बाप दात काढतोय! असल्या बापाच्या पोरी कशा डॉक्टर व्हायच्या?"

तो हसत हसतच झेराक्सला गेला. चौथी खेप. मोजून चौथी.

बारा वाजले. मी पदर नीट केला. नांदेडच्या सरांची मोटार कुठं दिसते का, म्हणून मान लांब करून बघायले. मोटार न्हाई. तेवढ्यात वरून अशूचा आवाज, फोनवर बोलायली, "सर, कुठपर्यंत आलात?... काय? केव्हाच?... कुणाचा फॉर्म भरायलात?"

मग जिन्यावरून धडधडत पावलं. पोरगी खाली आली ती कागदासारखी पांढरी.

"आजी! पांढरा सदरा? छत्री?"

"हाव. रिपीटरचा बाप. झेराक्सला धाडलाय."

"आजी, ते कोटगिरे सर!"

खरं सांगते, भूकंपातही मी अशी हादरले न्हाई.

"अगं, पण सर असे असतात का? मोटार न्हाई, बूट न्हाई!"

"एस्टीनं आले ते! त्यांना दीडची परतीची गाडी आहे! आजी, एक तास गेला ना गं माझा..." ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती रागावली न्हाई. नुसती जिन्याच्या पायरीवर बसली आन् म्हणली, "मग बसते काउंटरवर."

मी चप्पल घातली न्हाई. ह्या वयात, भर दुपारी, डांबरावरून अनवाणी पळाले. गल्ली बघायली. फिजिक्सवाले सरही बघायले. बघा म्हणलं! झेराक्सच्या दुकानात सर उभे, आन् दुकानवाला त्यांना म्हणायलाय, "साहेब, एकदम दहा काढून ठेवा. त्या आजींकडं गेलेला माणूस परत येतोच."

बघा, गल्लीभर माझी कीर्ती!

मी हात जोडले. "सर, चुकले मी. चला. काही नको, कागद नको."

"असं कसं, आजीबाई? एवढा फारम भरलाय, आता अर्ध्यात कसा सोडू?" म्हणले आन् झेराक्स घेऊनच आले. माझ्या हातात दिली. मी ती दोन्ही हातांनी, प्रसादासारखी घेतली.

वरच्या खोलीत मी दाराशी उभी राहिले. आत जायचं तोंड न्हाई, खाली जायची हिंमत न्हाई. अशू खाली मान घालून म्हणली, "सर, माफ करा. आजीला माहीत नव्हतं..."

सरांनी डायरी काढली. "माफी कसली? फोनवर तूच म्हणलीस ना, सर, आधी खराब फॉर्म काय असतो ते तुम्हाला भोगायला लावते, मग माझा दाखवते?"

"हो, पण ते मी स्क्रीनवर..."

"पहिल्या खेपेला मला वाटलं, आजीबाईंचा गैरसमज झालाय. दुसऱ्या खेपेला वाटलं, हा गैरसमज असूच शकत न्हाई. इतकं चोख! पोरीनं डेमो फाटकापासूनच सुरू केलाय." आन् ते वाचायला लागले. "बोलणं पुरं होण्याआधी चूक काढली. चूक काय ते सांगितलं न्हाई. कसं दुरुस्त करायचं, विचारलं तर अपमान केला. सगळं एकदम मागितलं न्हाई. का, तर ‘एक झालं की दुसरं, आमची पद्धत हाय.’ आन् शेवटी, भरलेलं हरवलं."

‘एक झालं की दुसरं’ ऐकलं आन् अशूनं हळूच मान वळवून माझ्याकडं बघितलं. जिन्यातून माझी सून वर आली होती, तिनं पदर तोंडात कोंबला. माझे कान असे तापले की त्यावर भाकर भाजली असती. माझ्या गालात तेवढं पान न्हाई, बाकी सगळा बाबू हितं उभा!

मग अशूनं आपला बाबू दाखवला. सरांनी मुद्दाम खोड्या काढल्या. नाव अर्धं टाकलं, तर तो गप बसला, पुरं होऊ दिलं. फोनच्या आकड्यांत जागा सोडली, तर त्यानं मुकाट्यानं समजून घेतली. जन्मतारीख ठाऊक न्हाई म्हणलं, तर म्हणला, चालंल, अंदाजे साल सांगा. मग तीन चौकटी मुद्दाम चुकवून खालचं बटण दाबलं, तर जिथल्या तिथं तीन ओळी आल्या, सरळ मराठीत, काय चुकलं आन् काय करायचं. भरलेल्यातलं अक्षरही हललं न्हाई.

सर खुर्चीला टेकले. म्हणले, "आमच्या पोरांना हे मी सालभर सांगतोय. त्यांना कळत न्हाई, कारण त्यांनी भोगलेलं न्हाई. मी आत्ता उन्हात चार खेपा घातल्यात. पोरी, तुझा बाबू मी घेतला. पण एक अट हाय."

मला वाटलं, झालं! आता म्हणतील, ह्या म्हातारीला दारातून उठवा.

"चांगल्याबरोबर खराबही द्यायचा. माझ्या पोरांनी आधी तो भरायचा. मी आत्ता जसा भरला ना, डिट्टो तसा. एक शब्द बदलायचा न्हाई."

दीडच्या गाडीला अशू त्यांना सोडून आली. एक तारीख आली आन् गेली, पट्टा काही पोरीच्या गळ्यात पडला न्हाई. शेवया त्या दिवशी सरांना द्यायच्या राहिल्याच. संध्याकाळी मीच खाल्ल्या, गोड लागल्या न्हाईत.

पुढं महिन्याभरानं अशूनं ते नांदेडच्या पोरांकडं गेलेलं काम मला दाखवलं. पडद्यावर दोन फारम, शेजारी-शेजारी. प्रत्येकाच्या डोक्यावर काहीतरी लिहिलेलं. मी चांगल्यावर बोट ठेवलं, "ह्याचं नाव काय?"

"ह्याचं नाव ‘नमुना’."

"आन् ह्या खराबाचं?"

अशू उगाच पडदा पुसायली. सुनेकडं बघितलं, तर ती भांडी घासायला पळाली, घासायला एक भांडं नसताना. शेवटी मी वरच्या खोलीतल्या एका रिपीटर पोरीला पकडून आणलं आन् म्हणलं, वाच. त्या बिचारीनं वाचलं.

"आजी."

"मी हितंच हाय, वाच तू."

"वाचलं की. ‘आजी’च लिहिलंय."

आता नांदेडला वीस-पंचवीस पोरं एकमेकांच्या कामावर ओरडतात म्हणं, "अरे, हा फॉर्म पार आजी झालाय, दुरुस्त कर!" त्यांच्याकडून ते पुण्याला गेलं, हैदराबादला गेलं. उभ्या जिंदगीत मला वाचायला येणारा हा पहिला शब्द. दोन अक्षरं. कुठंही लिहिली तरी ओळखते.

त्या पत्र्याच्या बाबूनं किती जणांना खेपा घालायला लावल्या असतील! पण त्याचं नाव कुणाला ठाऊक हाय का? न्हाई. मलाही न्हाई. नाव उरलं ते माझं.

काय हो, कामून हसायलात? मी हसले का अजून?